मुठीतल्या पाच मनुका

डोंबिवलीत मानपाडा रस्त्यावरच्या त्या लग्नाच्या हॉलबाहेर शनिवारी सकाळीच चपलांचा असा ढीग पडलेला, की बघणाऱ्याला वाटावं, आत कुणाच्या तरी पोरीचं धूमधडाक्यात लग्न लागतंय. लग्न कसलं! आत दोनेकशे माणसं उजव्या हाताची मूठ आवळून, डोळे मिटून, खुर्च्यांवर ताठ बसली होती. कोणी ठाण्याहून आलेलं, कोणी कल्याणहून, एक म्हातारं जोडपं तर थेट बदलापूरहून. प्रत्येकाच्या मुठीत रात्रभर भिजवलेल्या पाच काळ्या मनुका. आणि समोर व्यासपीठावर डॉक्टर हरिहर.

ते कशाचे डॉक्टर, हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. अंगात पांढराशुभ्र कोट, कपाळाला भस्म, आणि गळ्यात स्टेथोस्कोप व रुद्राक्षाची माळ एकमेकांत अशी गुंतलेली, की एक काढायला जावं तर दुसरी तुटायची.

"मी बुवा नाही!" ते माइकवर गरजत होते. "मी बाबा नाही! अंगारे-धुपारे माझ्याकडे चालत नाहीत. मला पुरावा लागतो, पुरावा! ते पाश्चात्त्य लोक नुसतं मोजतात. आपण भोळेभाबडे लोक नुसतं मानतो. मी काय करतो? मोजतो आणि मानतो! याला म्हणतात समन्वय. मोजणार कशाने? अॅलोपॅथीच्या यंत्राने. उतरवणार कशाने? आपल्या काढ्याने. तेही तुमच्या डोळ्यांदेखत!"

टाळ्या पडल्या. मग एका गृहस्थांना वर बोलावलं. त्यांनी मुठीतल्या मनुका ताटात वाहिल्या आणि मधलं बोट पुढे केलं. सेवेकऱ्याने कोरड्या कापसाने बोट टिपलं, सुई टोचली, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. आकडा मोठ्या पडद्यावर झळकला. तीनशे छप्पन्न! हॉलभर "अरे बापरे" झालं. मग त्या गृहस्थांनी दोन्ही हात कोमट काढ्याच्या घंगाळात मनगटापर्यंत बुडवून ठेवले, सगळ्यांनी मिळून जप केला, आणि जप संपल्यावर त्याच बोटाची पुन्हा तपासणी झाली. एकशे चौऱ्याहत्तर!

आता सांगा, कोण नाही पाघळणार? बदलापूरच्या आजींनी तर तिथल्या तिथे हात जोडले.

चौथ्या रांगेतल्या सरोजबाई गुप्ते मात्र पाघळल्या नव्हत्या. पण यात खोट काय आहे तेही त्यांना सांगता येत नव्हतं, आणि त्याचाच त्यांना संताप येत होता. तीस वर्षं ठाण्याच्या शाळेत गणित शिकवलेली बाई. उत्तर चुकलंय हे दिसतंय आणि पायरी कुठे चुकली ते सापडत नाही, यासारखी चिडचिड दुसरी नाही. त्यात आणखी दुखणं असं, की तो पट्टी धरणारा सेवेकरी त्यांचा नवरा होता.

प्रभाकर गुप्ते यांनी उभा जन्म वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात काढला, तोही क्वालिटीत. घडवलेल्या सुट्या भागाला, त्यांच्या भाषेत जॉबला, मायक्रोमीटर लावायचा, केसाइतका फरक दिसला तरी माल परत पाठवायचा. घरात कुणी "अंदाजे" असं म्हटलं तरी भडकणारा माणूस. पण मधुमेह जुना, गोळ्यांचा कंटाळा आलेला, आणि सोसायटीच्या भाऊंनी एक दिवस "या तर खरं" म्हणून हॉलवर नेलं. पहिल्याच दिवशी तीनशे चाळीसवरून एकशे ऐंशी!

"सरोज, ऐकीव नाही हे," घरी येऊन ते सांगत सुटले. "यंत्राने मोजलंय. माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी!"

"अहो, पण त्या मनुका कशाला?"

"संकल्प सोडताना हातात काहीतरी धरतातच ना? पूजेला तू अक्षता धरत नाहीस? आणि मनुका खातोय कोण? खाल्ल्या असत्या तर गोष्ट वेगळी."

हे बिनतोड होतं. शिवाय नियम होते. संकल्पाचा हात काढ्याखेरीज कशानेही धुवायचा नाही. नळाखाली धुतला की संकल्प वाहून जातो. आणि घरच्या यंत्रावर साखर मोजायची नाही, कारण घरच्या यंत्रावर म्हणे घरच्या काळज्या बसलेल्या असतात! हे ऐकून सरोजबाई इतक्या हसल्या होत्या, की प्रभाकररावांनी रागारागाने आपलं यंत्र कपाटाच्या खालच्या कप्प्यात कोंबून टाकलं.

नवऱ्यापुरतंच असतं तर त्या भांडून, रुसून शेवटी गप्प बसल्याही असत्या. पण प्रभाकररावांनी यात समिधाला ओढलं होतं.

समिधा ही शेवंतीची लेक, अकरा वर्षांची. शेवंती मोठागावच्या कोळीवाड्यातली. तिचा नवरा दामाजी खाडीत जाळं टाकतो, आणि शेवंती पाटी घेऊन डोंबिवलीत दारोदार मासळी विकते. गुप्त्यांचं घर तिचं जुनं गिऱ्हाईक. दोन वर्षांपूर्वी समिधा एकाएकी वाळत गेली, सारखी पाणी पाणी करायला लागली, आणि एका दुपारी उठेचना. तेव्हा सरोजबाईच तिला रिक्षात घालून कल्याणला डॉक्टर उत्तरांच्या हॉस्पिटलात घेऊन गेल्या होत्या. पोरगी जोरजोरात श्वास टाकत होती आणि त्या श्वासाला फळ पिकून सडायला लागावं तसा वास येत होता. तो वास त्या विसरल्या नव्हत्या.

"हिच्या शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही," डॉक्टर उत्तरांनी तेव्हा समजावलं होतं. "गुप्तेकाकांचा मधुमेह वेगळा, हिचा वेगळा. हिला इन्शुलिन रोज लागणार, अन्न लागतं तसं. ते थांबवलंत तर हा वास परत येईल. आणि मग वेळ फार थोडा असेल, बरं का."

दिवसातून चार वेळा सुई. शेवंतीने ते निमूट केलं, पण आई होती ती.

"वयनी, पोरीच्या पोटावर सुई टोचायला जागा नाय रायली," ती उंबऱ्यावर बसून सांगायची. "शालेत पोरं चिडवतान तिला. दुसरा काय उपाय नाय का व?"

सरोजबाई "नाही गं" म्हणायच्या. प्रभाकररावांनी एक दिवस "आहे" म्हटलं. चांगल्या मनाने म्हटलं, तेच तर वाईट. गुप्तेसाहेब शिकलेले, कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर असलेले, ते कशाला खोटं सांगतील? शेवंती पोरीला घेऊन हॉलवर गेली. डॉक्टर हरिहरांनी तिला जवळ घेतलं, गोड गोळ्या दिल्या, काढ्यात हात बुडवून घेतले आणि दर आठवड्याला इन्शुलिन थोडं थोडं कमी करायला सांगितलं. एकदम बंद नाही हं! ते काय अडाणी होते? "दोन्ही पद्धती हातात हात घालून चालतील, आणि मग एकीचा हात हळूच सोडायचा," असं ते म्हणायचे. गुरुवारपासून सुया बंद झाल्या होत्या. आणि या रविवारी मुक्तिसोहळा होता. समिधा सगळ्यांसमोर आपलं इन्शुलिनचं पेन चांदीच्या वाटीत वाहणार होती.

शुक्रवारीच शेवंती समिधाला घेऊन दारात आलेली. पोरीने आल्या आल्या तांब्याभर पाणी घटाघटा संपवलं आणि आणखी मागितलं. गालफडं बसलेली, फ्रॉक खांद्यावरून घसरत होता.

"शेवंती, हिला आजच डॉक्टर उत्तरांकडे ने," सरोजबाई म्हणाल्या.

"अवो, तो उफाला हाय," शेवंती हसली, पण डोळे हसले नाहीत. "डॉक्टर बोल्ले, अंगातला जुना विष धुतला जातंय म्हनून तहान लागते."

प्रभाकरराव आतून आले. "अगं, घसरण बघ ना. गेल्या वेळी हॉलवर पाचशेवरून तीनशेवर आली पोरगी!"

"अहो, पण तीनशे म्हणजे तरी—"

"आकडा बघायचा नाही, सरोज. घसरण बघायची."

हे वाक्य हरिहरांचं होतं. नवऱ्याच्या तोंडून ते ऐकताना सरोजबाईंच्या अंगावर काटा आला. म्हणून तर शनिवारी त्या स्वतः हॉलवर येऊन बसल्या होत्या, काय ते एकदा डोळ्यांनी बघायला.

आणि व्यासपीठावरून हरिहरांची नजर नेमकी त्यांच्यावर आली.

"गुप्तेवहिनी! तुमच्या डोळ्यांत शंका आहे. शंकेचंही आम्ही स्वागत करतो. या, या. निरोगी माणसाचीही तपासणी व्हायला हवी की नको?"

दारातच त्यांच्याही मुठीत मनुका कोंबलेल्या होत्या. लोक बघत होते. सरोजबाई तावातावाने वर गेल्या. मनुका ताटात टाकल्या, बोट पुढे केलं. आपली साखर शंभराच्या आसपास असते हे त्यांना माहीत होतं, आता बघूच म्हणाल्या.

पडद्यावर आकडा आला. तीनशे बारा.

हॉल चुकचुकला. सरोजबाईंच्या आईचा पाय याच रोगाने गुडघ्यापासून कापावा लागला होता. ती खाट, ते ड्रेसिंग, तो वास, सगळं क्षणात समोर उभं राहिलं.

"घाबरू नकोस गं," प्रभाकररावांनी इतक्या मायेने त्यांचा हात धरला, की त्यांना रडू फुटायचंच बाकी राहिलं. "मी आहे ना. घाल हात काढ्यात."

त्यांनी हात झिडकारला, पर्स उचलली आणि तशाच खाली उतरून रिक्षात बसल्या. मागून हरिहरांचा आवाज येत होता, "उद्या या वहिनी! आजार कुणाचं शिक्षण बघत नाही!"

तो दिवस त्यांनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. आणि सगळ्यांत भयंकर गोष्ट म्हणजे, त्यांना वाटायला लागलं की हरिहरांचं खरं असावं. माझीच साखर इतकी असेल आणि मला पत्ता नसेल, तर मला कळतं तरी काय? समिधाची तहान म्हणजे खरंच उफाळा असेल. आपण उगाच आडवे आलो असू. भीती माणसाला किती पटकन भाबडं करते बघा! एका रात्रीत गणिताची मास्तरीण चौथ्या रांगेतून पहिल्या रांगेत जायला तयार झाली होती.

रविवारी प्रभाकरराव पहाटेच आवरून हॉलवर गेले. सोहळ्याच्या मनुका त्यांनाच वाटायच्या होत्या. शेवंती आज येणार नव्हती, म्हणून सरोजबाईंनी कोपऱ्यावरून बोंबील आणले. डोकं ठिकाणावर नव्हतं, पण हात सवयीने चालत होते. बोंबील साफ केले, मग साबणाने हात धुतले, वास जाईना म्हणून लिंबू चोळून पुन्हा धुतले. आणि हात पुसता पुसता मनात आलं, नाव नोंदवायच्या आधी एकदा घरीच बघावं. घरच्या काळज्या बसल्यात तर बसू देत!

कपाटातून यंत्र काढलं. बोट टोचलं. अठ्ठ्याण्णव.

त्या आकड्याकडे बघतच राहिल्या. दुसरं बोट टोचलं. एकशे एक.

आनंद व्हायचा तो झालाच नाही. आला तो राग, आणि रागाबरोबर तीस वर्षांची सवय जागी झाली. काल तीनशे बारा, आज अठ्ठ्याण्णव. बाई तीच, बोट तेच, यंत्रही तसलंच. मग बदललं काय?

खुंटीवरची पर्स घ्यायला हात वर गेला आणि तिथेच थबकला. पर्सच्या पट्ट्यावर मुंग्यांची रांग लागली होती. काल हॉलवरून येताना उजव्या हाताने घट्ट धरलेला पट्टा. त्यांनी बोट लावून बघितलं. चिकट!

"अगं बाई!" त्या मोठ्याने म्हणाल्या.

डब्यातून मनुका काढल्या. भिजवायला वेळ कुठला, गरम पाण्यातून काढून पाच मनुका उजव्या मुठीत दाबल्या आणि तशाच स्वयंपाकघरात येरझाऱ्या घातल्या. मग मनुका टाकून दिल्या, कोरड्या कापसाने बोट टिपलं, अगदी हॉलवर टिपतात तसं. टोचलं. तीनशे सत्तावीस! डावं बोट टोचलं. शंभर.

साखर रक्तात नव्हती. बोटाच्या कातडीला लागलेली होती. यंत्राला काय कळतंय, गोडवा आतून आलाय की बाहेरून? एक चिकट थेंब पुरतो त्याला. आणि मग काढ्यात हात बुडवायचे, म्हणजे काय करायचं? हात धुवायचे! काढ्याच्या ऐवजी गटाराचं पाणी ठेवलं असतं तरी साखर "उतरली" असती. पहिला आकडा खोटा, दुसरा खरा, आणि मधली घसरण म्हणजे हरिहरांचा चमत्कार.

दुसरा आकडा खरा. म्हणजे हात धुतल्यानंतरचे समिधाचे तीनशे हे खरे तीनशे होते. आणि तेव्हा इन्शुलिन थोडं तरी चालू होतं.

शेवंतीला फोन लावला. नुसता वाजत राहिला. नवऱ्याला लावला, तो बंद. गॅस बंद करून, यंत्र पर्समध्ये टाकून त्या जिना उतरल्या. बोंबील ओट्यावर तसेच राहिले.

हॉलमध्ये आज पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर झेंडूची तोरणं, मधोमध चांदीची वाटी, आणि खुर्चीत समिधा. नवं परकर-पोलकं, केसांत अबोलीचा गजरा. डोकं आईच्या खांद्यावर कलंडलेलं, डोळे अर्धे मिटलेले, छाती जोरजोरात वरखाली होत होती. पेन वाटीत पडलेलं होतं. पडद्यावर आकडा होता पाचशे अठ्ठ्याऐंशी, आणि पोरीचे हात काढ्यात होते. सगळा हॉल तल्लीन होऊन जप करत होता.

जप संपला. प्रभाकररावांनी पट्टी धरली. चारशे पासष्ट.

"एकशे तेवीसची घसरण!" हरिहर दोन्ही हात उंचावून ओरडले. "सुई नाही, इन्शुलिन नाही! वाजवा टाळ्या!"

आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्यांतून वाट काढत सरोजबाई वर चढल्या. समिधाजवळ वाकल्या मात्र, आणि तो वास आला. दोन वर्षांपूर्वीचा, सडत चाललेल्या फळाचा.

"शेवंती, ऊठ. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात जायचं."

"आज नको व वयनी," शेवंती काकुळतीला आली. "रातीपर्यंत उतरंल, डॉक्टर बोल्ले..."

"तिच्या तोंडाला नाक लाव! वास ओळख हा!"

हरिहर माइक घेऊन मध्ये आले. चेहऱ्यावर तेच मधाळ हसू. "मंडळी, वहिनींना काल स्वतःचा आकडा कळलाय. माणूस घाबरला की असाच दुसऱ्यावर राग काढतो. गुप्तेसाहेब, यांना जरा खाली बसवा."

लोक हसले. प्रभाकरराव उजव्या हातातलं मनुकांचं ताट डाव्या हातावर घेत पुढे आले, शरमेने लाल झालेले. "सरोज, चल खाली. तमाशा नको."

"चलते. एक सांगा फक्त. कारखान्यात जॉब मोजायच्या आधी काय करायचात?"

"काय भलतंच—"

"सांगा! सगळ्यांसमोर सांगा!"

"पुसायचो," ते पुटपुटले.

"का पुसायचात?"

"तेलाचा थर असला तरी माप चुकतं."

"मग या पोरांच्या, म्हाताऱ्यांच्या बोटांवर कशाचा थर आहे हो?"

प्रभाकररावांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. सकाळपासून त्या हाताने शेकडो मनुका वाटल्या होत्या. बोटं एकमेकांना चिकटत होती. सरोजबाईंनी पर्समधून घरचं यंत्र काढून त्यांच्यापुढे धरलं.

"गुप्तेसाहेब," हरिहरांचा आवाज आता मधाळ नव्हता, "ताट घेऊन पुढच्या रांगेत जा."

त्या वेळी ते ताट घेऊन खाली उतरले असते तर? सरोजबाई आजही हा विचार करायला धजत नाहीत. पण त्यांनी ताट खाली ठेवलं. माणूस फसला होता, पण जात्या हिशेबी होता. उजवं बोट तसंच टोचलं आणि आकडा वाचला, "चारशे सदतीस." मग टेबलावरची पाण्याची बाटली घेतली, तोच हात चोळून चोळून धुतला, रुमालाने कोरडा केला, आणि तेच बोट पुन्हा टोचलं.

"एकशे नव्वद," ते म्हणाले. मग त्यांनी हरिहरांच्या हातातला माइक घेतला. "काढा नाही, जप नाही. बाटलीतलं पाणी आहे हे. मंडळी, जॉब पुसलेलाच नव्हता. साखर कुणाची उतरतच नव्हती, आपले हात धुतले जात होते. दुसरा आकडा खरा होता, रोज दुसराच खरा होता. या पोरीची साखर आत्ता चारशे पासष्ट आहे. आणि आपण टाळ्या वाजवल्या."

शेवंतीने किंकाळी फोडली. मागच्या रांगेतून दामाजी माणसं ढकलत धावत आला, पोरीला खांद्यावर टाकलं आणि जिन्याकडे पळाला. सरोजबाई आणि शेवंती त्याच्या मागे. पाठीमागे भाऊंचा आवाज तेवढा ऐकू आला, "डॉक्टर, तुमचा हात दाखवा की जरा!" आणि वळून बघितलं तर हरिहरांनी उजवा हात कोटाच्या खिशात खोल घातलेला होता.

पत्री पुलावर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. रिक्षात समिधा हाकेला ओ देईनाशी झाली. "समिधा, आजी बोलतेय गं, डोळे उघड," सरोजबाई तिचे गाल थोपटत होत्या. शेवंती तोंडात पदर कोंबून बसली होती. दामाजी रिक्षातून उतरला आणि पुढच्या गाड्यांच्या काचांवर थापा मारत, हात जोडत, वाट करत धावत सुटला.

डॉक्टर उत्तरांनी पोरीला बघितलं आणि तशाच तिला आत घेऊन गेल्या. ती दुपार गेली, रात्र गेली. मागाहून पोचलेले प्रभाकरराव बाहेरच्या बेसिनवर जाऊन हात धुवायचे, येऊन बसायचे, पुन्हा उठून धुवायला जायचे. शेवटी ते शेवंतीपुढे हात जोडून उभे राहिले.

"सायब," शेवंती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "त्यो हरिहर माना कोन लागतो? तुमी बोल्लात म्हनून मी सुई बंद केली."

प्रभाकररावांनी जोडलेले हात खाली घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी समिधाने डोळे उघडले आणि पहिला शब्द उच्चारला, "पाणी." चौघंही दचकून उभे राहिले, तशा डॉक्टर उत्तरा पहिल्यांदाच हसल्या. "द्या, द्या. ही साधी तहान आहे." मग बाहेर येऊन त्या खुर्चीत टेकल्या. "आणखी तासभर उशीर झाला असता, तर मी काही करू शकले नसते," त्या म्हणाल्या. "आणि मी कुठे नाही म्हणते हो? योगासनं करू दे तिला, प्राणायाम करू दे, काढा प्यायचा तर मला विचारून पिऊ दे. दोन उपचार एकत्र करायला माझी हरकत नाही. पण एकाने दुसऱ्याची जागा घ्यायची असेल, तर त्याने धुतलेल्या हातावर खरं उतरून दाखवावं. एवढंच मागते मी."

हॉल आता बंद आहे. पोलिसांत तक्रार गेली, दोन दिवस चर्चा झाली. पण म्हणून संपलं असं समजू नका. महिना गेला असेल नसेल, विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर नवा फलक लागला. केंद्राचं नाव वेगळं, गाव वेगळं, मनुकांच्या जागी खजूर. पांढरा कोट आणि गळ्यातला गुंता मात्र तोच. आणि आत जाणाऱ्यांची रांगही तशीच लांब.

त्या रांगेच्या तोंडाशी, रस्त्याच्या कडेला, दर रविवारी एक म्हातारा स्टूल टाकून बसतो. पुढ्यात बादली, साबण, स्वच्छ नॅपकिन आणि साखर मोजायचं यंत्र. शेजारी त्याची बायको, आणि कधीमधी पाटी खाली ठेवून बसलेली एक कोळीण. तिने त्याला माफ केलंय की नाही, हे तिने सांगितलेलं नाही. पण ती येते.

"काका, तुम्ही कुठल्या पॅथीचे?" परवा एकाने खोचकपणे विचारलं. त्याच्यासोबत सुकलेला, सारखा ओठ चाटणारा एक मुलगा होता.

"कुठल्याच नाही. मी ते ताट फिरवायचो," प्रभाकरराव म्हणाले. "तुम्ही मानायचं ते माना, जायचं तिथे जा. पण आत जायच्या आधी हात धुऊन मोजा, आणि बाहेर आल्यावर पुन्हा हात धुऊन मोजा. दोन्ही आकडे स्वतः वाचा. आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय या पोराची सुई एक दिवससुद्धा बंद करू नका."

तो माणूस घुटमळला. रांग पुढे सरकली, मागच्याने त्याला "चला हो" म्हणून ढकललं. त्याने आत बघितलं, मुलाकडे बघितलं.

समिधा आईच्या पाटीमागून उठली. गालावर पुन्हा मांस आलं होतं. तिने तांब्या बादलीत बुडवून भरला आणि त्या मुलासमोर धरला.

"हात पुढे कर," ती म्हणाली. "दुखत नाय. नुसता पानी हाय."